मुकादमाचं भलं

“प्रभू, त्या मेल्याचं भलं कर. आमेन,” ती म्हणाली आणि पातेलं ओट्यावर आपटलं.

धाकटी जाऊ चहा गाळत होती. तिला हसू आवरेना. “मेल्याचं कसलं भलं व्हायचं, ताई? आधी त्याला जिवंत तरी ठेवा.”

“चर्चच्या पाळकांनी भलं मागायला सांगितलंय. कसं मागायचं ते सांगितलेलं नाही.”

मेला म्हणजे मुकादम. दोघी जावा हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्याच्या हाताखाली कामाला होत्या. चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरखाली थोरलीचा उजवा हात सापडला होता. रोलर थांबवायचं बटण अडकतं, हे तिनं मुकादमाच्या कानावर कितीदा तरी घातलं होतं. “बघू,” एवढंच तो म्हणायचा. अपघातानंतर मात्र सगळ्यांसमोर तोंड वर करून म्हणाला, “बाईंचं लक्ष गप्पांत होतं.” हात वाचला, पण बोटं मिटेनात. तिला घड्या घालायच्या टेबलाशी बसवलं. वेणीसुद्धा आता जाऊ घालून द्यायची. केसांतून फणी फिरली की तिला मुकादम आठवायचा आणि चहा कडू लागायचा.

पाळकांकडे ती गेली होती ती भांडायलाच. “दर रविवारी क्षमा करा, क्षमा करा म्हणता. माझ्याकडून होत नाही. आता काय चर्च सोडू?”

“नका करू क्षमा,” पाळक म्हणाले. “रोज सकाळी त्याच्यासाठी एक चांगली गोष्ट मागा. बस.”

“मनात नसताना? देवाशी खोटं बोलू?”

“तुमच्या मनात काय आहे ते देवाला ठाऊक आहे. त्याला कुठे फसवताय? मागत राहा.”

ती मागत राहिली, दात-ओठ खाऊन. पण ‘भलं कर, भलं कर’ म्हणून म्हणून ते शब्द पोकळ झाले. दारावरच्या विक्रेत्याला वाटेला लावावं तसं आपण देवाला वाटेला लावतोय, असं तिला वाटू लागलं. काहीतरी नेमकं मागायला हवं होतं. आणि नेमकं मागायचं तर त्या माणसाकडे नीट बघायला हवं होतं. त्याचं तोंडही बघायची इच्छा नव्हती, तरी ती बघू लागली.

तो जिना चढताना गुडघा धरायचा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “त्याचा गुडघा बरा कर. सावकाश केलास तरी चालेल.” तो बॉयलरपाशी उभ्या उभ्या एकटाच डबा खायचा. “त्याला जेवायला सोबत दे. मी सोडून कुणाचीही.”

मग एकदा तो फोनवर बोलताना तिनं ऐकलं. एरवी भोंग्यासारखा आवाज, पण त्या दिवशी अगदी गयावया करत होता. “साहेब, वाफेचा पाइप बदला हो. बायका तिथेच उभ्या असतात.” पलीकडून फोन ठेवून दिला असावा. तो दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

दुसऱ्या सकाळी तिच्या तोंडून प्रार्थना निघेना. “त्याचं कुणीतरी ऐकू दे,” ती म्हणाली आणि लगेच देवावरच उसळली, “माझं ऐकलं होतं का कुणी?”

पुढच्याच आठवड्यात पाइप फुटला. बायका जेवायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. धुतलेले सगळे कपडे गंजाच्या पाण्यात भिजले आणि ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. कधी लाँड्रीची पायरी न उतरणारे व्यवस्थापक साहेब खाली आले. सगळ्यांसमोर त्यांनी मुकादमाला उभं केलं.

“झोपा काढता का इथे? एक पाइप सांभाळता येत नाही? सामान उचला आणि चालते व्हा!”

साहेबांची नजर तिच्या हातावर गेली. “या बाईंचा हातसुद्धा याच्याच गलथानपणामुळे गेला ना? बोला बाई, घाबरू नका.”

जावेनं तिला कोपरानं ढोसलं. “बोला, ताई. देवानं ताटात वाढून दिलंय.”

ती उठली.

“हो, याच्याचमुळे गेला,” ती म्हणाली. “हे मी मरेपर्यंत सांगेन. पण पाइप तुमच्यामुळे फुटला. हा माणूस फोनवर तुमच्या हातापाया पडत होता, मी माझ्या कानांनी ऐकलंय. आम्ही भाजलो असतो तर कुणाला हाकललं असतं तुम्ही?”

“आवाज खाली, बाई!”

“नाही होणार!”

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. एकही बाई मान खाली घालून उभी नव्हती. “चौकशी करू,” असं पुटपुटत ते जिना चढून गेले. सामान उचलायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मुकादम लंगडत तिच्या टेबलाशी आला. “त्या बटणाचं... तुम्ही मला सांगितलं होतं.”

“मोठ्यानं बोला. त्या दिवशी बरे मोठ्यानं बोललात.”

तो बायकांकडे वळला आणि मोठ्यानं बोलला. बटणाचं सांगितलं, आपण दुर्लक्ष केल्याचं सांगितलं, खोटं बोलल्याचंही सांगितलं. ती ‘असू दे’ म्हणाली नाही. डाव्या हातानं तिनं चादर ओढली आणि घडी घालू लागली. एका हातानं कडा जुळत नव्हत्या.

जावेनं दुसरी कडा धरली आणि ती कुजबुजली, “वेड्या आहात का, ताई? नोकरी गेली असती म्हणजे? आणि कुणापायी? वैरी ना तो तुमचा?”

“आहेच वैरी,” ती कडाडली. “पण माझा आहे!”