नमुन्याचे आकडे

अर्थव्यवस्थेचे अंदाज बांधणारं एक फुकट सॉफ्टवेअर कुणालाही आपल्या कॉम्प्युटरवर सहज टाकता यावं, म्हणून तो पदरमोड करून त्याचं पॅकेज तयार करायचा. चालतंय की नाही ते बघता यावं, म्हणून सोबत नमुन्याला मनाचेच आकडे ठोकून द्यायचा.

एका सकाळी ताई भरला डबा तसाच घेऊन परत आली. "आमच्या कारखान्याला सरकारने टाळं लावलं. मागणी पार झोपणार, असा सरकारी अंदाज आहे म्हणे."

त्याने तिच्या फोनवर त्या अंदाजाचा आलेख पाहिला. मधला तो खड्डा त्यानेच नमुन्यात गंमत म्हणून घातलेला.

त्याने तडक तो अंदाज काढणाऱ्या सरकारी खात्यात फोन लावला. "साहेब, ते नमुन्याचे आकडे आहेत! खरे घालायचे राहिलेत तुमचे."

"ठाऊक आहे हो," साहेब म्हणाले. "खरे घातले की कारखाना चालू ठेवा असं येतं. तुमचे तेवढे पुढच्या आवृत्तीतही राहू द्या."