मिठाच्या पाण्याची पट्टी

भर दुपारी केतकीनं विचारलं, "आई, तिन्हीसांजा झाल्या का गं?"

पट्टी बदलणारा सुमेधाचा हात जागीच थांबला. खिडकीतलं ऊन तर पोरीच्या थेट तोंडावर आलं होतं.

ताप सकाळपासून उतरत नव्हता, म्हणून ती कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. तिची आई ठेवायची तशाच. आज पाण्यात बर्फही टाकला होता.

केतकीच्या सुकलेल्या नसांच्या जागी डोळ्यांपासून मेंदूपर्यंत काचेचे तंतू बसवले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "कपाळाला गारठा लागू देऊ नका. काचेवरचं प्लॅस्टिकचं अस्तर काचेपेक्षा जास्त आक्रसतं. मग आतली काच मुडपते आणि उजेड वाटेतच सांडतो."

तेव्हापासून हिवाळ्यात ती पोरीला कानटोपीशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. पण तापातली पट्टी म्हणजे गारठा, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. पट्टी म्हणजे औषध.

तिनं पट्टी ओढून काढली आणि डॉक्टरांना फोन लावला. "शेक देऊ का?"

"अजिबात नको. एकदम ताण बसला तर काच तुटेल. आपोआप सरळ होऊ दे. झाली तर."

"मग मी काय करू?"

"काहीच करू नका."

सुमेधा ओले हात मांडीवर घेऊन बसून राहिली. केतकीनं कपाळावर हात फिरवत पट्टी चाचपली.

"आई, पट्टी का काढलीस? ठेव ना परत. तेवढंच बरं वाटत होतं."