मोठ्यानं सांग

तिबुर्सियोच्या लेकीचा बाप्तिस्मा झाला त्याच जानेवारीत एल साल्वादोरमध्ये निवडणूक आली. मत तोंडानं सांगायचं, कारकून नावासकट वहीत लिहायचा. धाकटा भाऊ सिक्स्तो टेबलापुढे पुटपुटला. "तोंडात कणीस कोंबलंय का? मोठ्यानं सांग!" म्हणत तिबुर्सियोनं त्याची टोपी काढून घेतली. "कम्युनिस्ट पक्ष!" सिक्स्तो ओरडला. रांग हसली. तिबुर्सियोची पाळी आली. मळ्याच्या मुकादमाला पाहून त्यानं हळूच मालकाचा पक्ष सांगितला. "दादा, हे काय?" "पोरगी लहान आहे रे." तीन आठवड्यांनी कम्युनिस्टांचं बंड झालं, मोडलं. सैनिकांनी तीच वही घेऊन गावाला चौकात उभं केलं. कम्युनिस्टांना मत दिलेल्यांची नावं वाचताना सिक्स्तोचं नाव पुकारलं. "हजर!" तो मोठ्यानं म्हणाला आणि टोपी दादाच्या हातात देऊन गेला. तिबुर्सियोचं नाव कुणी पुकारलं नाही. त्यानं टोपी छातीशी धरली. सिक्स्तो २५ जानेवारी १९३२ रोजी चर्चच्या भिंतीपाशी मेला.