आपल्यातच राहू द्या

निवृत्तीनंतर या छोट्या गावात कायमचं यायचं हेडक्लार्कसाहेबांचं जवळजवळ ठरलं होतं. बायको घर पुन्हा एकदा खोलीखोलीनं बघत होती, तेवढ्यात साहेब कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला बसले. हवा चांगली, गोंगाट नाही, सगळं मान्य. एकच गोष्ट मनात सलत होती, आणि गालाला साबण लागल्यावर ती तोंडातून निसटली.

"छोट्या गावात लोक फार नाक खुपसतात म्हणे. बायकोलाही बोललो नाही अजून. आपल्यातच राहू द्या हं."

"छे हो साहेब! इथे वेळ कुणाला आहे?" असं म्हणत न्हावी गरम पाणी आणायला गेला, तो बऱ्याच वेळानं उगवला.

दाढी उरकून साहेब निघाले, तर औषधवाला गल्ल्यावरून ओरडला, "निर्धास्त या साहेब! इथे कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही!" शिंपीणबाईंनी मशीन थांबवून तेच सांगितलं. घरमालक तर फाटकातच हात जोडून उभा होता.

साहेब तणतणत आत शिरले. "अगं, चल आधी इथून! नको आपल्याला हे गाव!"

बायको ओट्याला टेकून शांत उभी होती.

"अहो, तुमच्या मनात काय चाललंय ते तीस वर्षांत मला कधी कळलं नाही. इथे तुमची दाढी व्हायच्या आत कळलं. घर पक्कं करा."