अक्रोडाला टेकू

हद्दपार होऊन परक्या मुलखात पडलेल्या त्या वस्तीला मायदेशातल्या म्हाताऱ्या संदेष्ट्याचं पत्र आलं: परतायला सत्तर वर्षं लागतील, तोवर तिथंच घरं बांधा, झाडं लावा. वस्तीतल्या तरुण संदेष्ट्यानं ते भरसभेत टराटरा फाडलं. "दोन वर्षांत आपण घरी! कुणी गाठोडं सोडायचं नाही!"

सुतारानं तो शब्द काळजावर कोरून घेतला. जगाला पलंग करून दिले, पण त्याच्या स्वतःच्या पोरी जमिनीवरच वाढल्या. बायको म्हणायची, "अहो, निदान एक पाळणा तरी करा."

"उद्या निघायचंय, आज पसारा कशाला?"

दोनाची चौदा वर्षं झाली.

परवा वस्तीतल्या त्याच संदेष्ट्याच्या घरून त्याला बोलावणं आलं. परसातल्या अक्रोडाची फांदी फळांनी वाकली होती, तिला टेकू हवा होता. फांदीच्या उंचीचं माप घ्यायला वर चढावं म्हणून सुतारानं बुंध्याला कवेत धरलं आणि त्याचे हात तिथंच थबकले.

"वहिनी, हे झाड कधी लावलंत?"

"ते पत्र फाडलं ना, त्याच संध्याकाळी," संदेष्ट्याची बायको कौतुकानं म्हणाली. "हे म्हणाले, अक्रोडाला फळ धरायला दहा वर्षं लागतात, उशीर नको."