रेडकाचं घुंगरू

“खरी माया बघायची असंल, तर आमच्या गोठ्यावर या की!” रेडकाला चाटणाऱ्या चंद्री म्हशीच्या व्हिडिओत सिद्धलिंग म्हणाला होता. सिद्धलिंगसह चौघा भावांचा गोठा त्या व्हिडिओनं गाजला. तो बघून आज सोलापुरातनं एक चिमुरडी बापाचं बोट धरून आली, रेडकासाठी घुंगरू घेऊन.

“झोपलंय गं ते,” सिद्धलिंग म्हणेपर्यंत तिनं घुंगरू त्याच्या गळ्यात बांधलंसुद्धा.

“काका, ह्याच्या पोटातनं भुसा येतोय!”

सिद्धलिंगची मान खाली गेली. रेडकू मेल्यावर म्हशीनं दूध चोरू नये, पान्हा सोडावा, म्हणून त्यानंच कातड्यात भुसा भरला होता.

तेवढ्यात चंद्रीनं चाटलं. घुंगरू वाजलं. रेडकू हललंसं वाटून ती रेकली, आणि तिच्या सडांतून आपसूक दूध गळू लागलं.

सिद्धलिंगला बादली पुढं करवेना.