मासळीबाजाराचं दार

मुख्य माळ्याने पुढे केलेल्या पेल्यात पांढरं सरबत असतं, तर वजिराला माफी होती. सरबत लाल होतं.

इस्तंबूलच्या त्या राजवाड्यात गुलाब छाटणारे माळीच जल्लादही होते. वजिराला सवलत एवढीच, की माळ्याला मागे टाकून मासळीबाजाराच्या दारातून बाहेर पडला, तर जीव वाचेल.

वजिराने पेला माळ्याच्या तोंडावर फेकला आणि बागेतून धूम ठोकली. आडव्या आलेल्या पहारेकऱ्याचं नाक कोपराने फोडलं. पाय रक्ताळले, पण दार त्यानेच आधी गाठलं.

दार बंद होतं. त्याने मुठी आपटल्या. "इल्यास, दार उघड."

"दुपारी उघडायचं नाही, हुजूर," पलीकडून द्वारपाल म्हणाला. "मासळीचा वास महालात येतो, म्हणून आपलाच हुकूम आहे. मागे माझ्या भावाने उघडलं, तेव्हा आपण त्याचा हात तोडायला लावलात."

माळ्याची धाप मागे ऐकू आली. वजिराने दाराच्या फटीला नाक लावलं. मातीने माखलेल्या हातांनी गळ्याभोवती रेशमी दोरी आवळेपर्यंत तो मासळीचा वास छाती भरभरून घेत राहिला.